आबांचा तांब्या

लाडक्या सई,

फडताळ आवरताना तुला पोचा आलेला तांब्या सापडला आणि तू विचारलंस, आबा निवाडा करायला जाताना घरचं पाणी का न्यायचे?

आपल्या केज तालुक्यात उन्हाळ्यात विहिरीला दीड परस पाणी उरलं, की पाणी उपसायच्या पाळीवरून भावकीत जुंपायची. एकदा मीही आबांच्या मागे गेलो होतो. थोरल्याच्या ओसरीवर चहाची कपबशी पुढे आली. आबांनी ती हळूच सरकवली, तांब्या तोंडाला लावला आणि म्हणाले, "निवाडा होऊ द्या, मग पितो." दिवसाच्या लाइटीची पाळी धाकट्याला गेली. थोरल्यानं भडकून तांब्याला लाथ मारली. हा पोचा तेव्हाचा.

ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, असं आजी म्हणते ना? म्हणून पंचानं पोळीच खायची नसते. राज्यघटनेनं न्यायाधीशांची हीच काळजी घेतली आहे. सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांचा पगार संचित निधीतून, म्हणजे देशाच्या मुख्य तिजोरीतून जातो, त्यावर संसदेत मतदान होत नाही. त्यांना काढायचं तर गैरवर्तन किंवा अक्षमता सिद्ध व्हावी लागते. वर दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मतं लागतात.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते कलम 235. तहसीलदाराच्या, फौजदाराच्या बदलीत पुढाऱ्याचा शब्द चालतो हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तालुक्याच्या कोर्टातल्या जजसाहेबांची बदली हायकोर्टाच्या हातात असते. बदलीची धास्ती मानेवर नसली, की आमदाराच्या माणसाविरुद्धही निकाल लिहिता येतो.

तरी लाथ बसतेच, बाळा. आणीबाणीत, 1976 साली, विनाचौकशी डांबलेल्यांना कोर्टात दाद मागता येईल का, असा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे आला. पाच न्यायाधीशांपैकी एकटे हंसराज खन्ना म्हणाले, येईल. त्यांना काढणं सरकारला सोपं नव्हतं, पण नेमणूक सरकारच्या हातात होती. जानेवारी 1977 मध्ये त्यांना डावलून ज्येष्ठतेत खाली असलेल्या बेग यांना सरन्यायाधीश केलं. खन्नांनी राजीनामा दिला. पुढे 1993 च्या निकालानं नेमणुकीत न्यायाधीशांचाच शब्द वरचढ ठरला. तो कारभार बंद दाराआड चालतो, हे मला खटकतं. पण नेमणूक परत पुढाऱ्यांच्या हाती जावी, असंही वाटत नाही.

तांब्या चिंचेनं घासून ठेव. पोचा मात्र काढायचा नाही. आबांनीही तो कधी तांबटाकडे दिला नाही.

तुझा,
बाबा