धरण फुटलं ते बॉम्बने की पाण्याने?

प्रश्न : आमचं गाव भाटघर धरणाजवळ आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी पाण्यावर उड्या मारणारा बॉम्ब टाकून जर्मनीची धरणं फोडली, असं वाचलं. एवढी दगडी भिंत एका बॉम्बने फुटते? आणि उड्या कशाला, सरळ भिंतीवरच का नाही टाकला?
– एक वाचक, भोर

उत्तर : उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे या प्रश्नावर मी बराच विचार केलेला आहे.

16 मे 1943 च्या रात्री फुटलेलं म्योने धरण तुमच्या भाटघरच्याच जातीचं. दगडी, नुसत्या वजनावर पाणी थोपवणारं. उंची 40 मीटर, तळाशी जाडी 34 मीटर. अशा भिंतीच्या माथ्यावर बॉम्ब पडला तर धक्का हवेत जिरतो, वरचे दगड तेवढे उडतात. थोडा लांब पाण्यात फुटला तर मधलं पाणी मार खातं. पण भिंतीला चिकटून, खोल पाण्यात फुटला, तर मागचं पाणीच स्फोटाचा जोर भिंतीत रेटतं. बार्न्स वॉलिस या इंजिनिअरने हे हेरलं. पाण्यातून पाणतीर (टॉर्पेडो) सोडायचा तर जर्मनांनी जाळ्या लावलेल्या. म्हणून उड्या! पिंपाच्या आकाराचा बॉम्ब मिनिटाला 500 फेऱ्यांनी उलटा फिरवत सोडायचा. तो जाळ्यांवरून टप्पे घेत भिंतीवर आदळायचा, त्या फिरकीमुळे भिंतीलगतच खाली जायचा आणि सुमारे 9 मीटरवर पाण्याच्या दाबानेच उडायचा. त्यासाठी विमान पाण्यापासून फक्त 18 मीटरवर हवं. अंधारात ते कळावं म्हणून पोटाखाली दोन दिवे लावले होते. दोन्हींचे कवडसे पाण्यावर एकमेकांना भिडले की उंची बरोबर.

एका बॉम्बने मात्र काम झालं नाही. म्योनेवर पाच टाकावे लागले. एक तर उसळून पलीकडे वीजघरावर गेला.

मे महिना निवडला त्यातही हिशेब होता. आपली धरणं मेमध्ये तळ गाठतात. तिकडे बर्फ वितळून ती तुडुंब असतात. भिंतीला तडा बॉम्बने दिला, खिंडार पाडलं मागच्या पावणेपाच टीएमसी पाण्याने. त्याच रात्री एडर धरणही असंच फुटलं. झोर्पे वाचलं, कारण ते मातीचं. मातीचा भराव हादरा पचवतो. त्याला खरी भीती माथ्यावरून पाणी वाहण्याची.

वैमानिकांच्या धाडसाबद्दल दुमत नाही. 19 विमानं गेली, 8 परतली नाहीत, 53 जण मेले. पण हा किस्सा बहुतेक वेळा इथेच संपवतात, याचा मला राग येतो. धरणाखाली नेहाइम गाव आहे, म्योने नदी तिथे रूरला मिळते. तिथल्या छावणीत युक्रेनकडून सक्तीच्या मजुरीला आणलेल्या बायका होत्या. त्या शेकड्यांनी बुडाल्या. हिटलरच्या कैदेत असलेल्या बायका हिटलरच्या शत्रूने सोडलेल्या पाण्यात गेल्या. एकूण बळी हजाराच्या बरेच वर. भिंत मात्र त्याच वर्षीच्या शरद ऋतूत पुन्हा उभी राहिली.

1977 मध्ये युद्धाचे नियम सांगणाऱ्या जिनिव्हा करारांना जी पुरवणी जोडली, तिचं कलम 56 धरणांबद्दल आहे. धरण लष्करी लक्ष्य ठरत असलं तरी, पाणी सुटून नागरिकांची मोठी हानी होणार असेल तर त्यावर हल्ला करू नये, असं ते सांगतं. अपवाद आहेत, पण फार थोडे.