भरवंसो, भरवसा की आशा?

मडगावच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे. शेजारच्या घरात म्हटली जाणारी एक कोंकणी प्रार्थना त्या पुण्यातल्या ख्रिस्ती मैत्रिणीसाठी मराठीत लिहीत आहेत. देव गप्प असला तरी 'भरवंसो' सोडू नये, अशी तिच्यात ओळ आहे. मराठीत 'भरवसा' लिहावं की 'आशा'?

गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीत भावार्थ, भरवंसो आणि मोग ही तिन्ही नावं एका दमात घेतात. मराठी बायबलात तीच विश्वास, आशा, प्रीती. म्हणजे तिन्ही एकत्र आली की 'भरवंसो'साठी 'आशा'च लिहायची. (भावार्थ म्हटलं की आपल्याला शाळेतला कवितेचा भावार्थ आठवतो. पण श्रद्धा या अर्थाने तो फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६च्या 'ख्रिस्तपुराणा'त, म्हणजे गोव्यातल्याच मराठीत, भेटतो. 'परमेश्वरावर भाव ठेव' हे बायबलाच्या नीतिसूत्रांतलं वचन तर मराठी ख्रिस्ती घरांत आजही तोंडपाठ असतं.)

ताईंच्या ओळीत मात्र मी 'भरवसा'च लिहीन.

आशा धरतात, लावतात, ती सुटते, तिची निराशाही होते. ती बहुधा कशाची तरी असते: बरं वाटण्याची, नोकरीची, मूल होण्याची. शिवाय संतांच्या वाणीत ती तृष्णेच्या जोडीला बसते, तो डाग मराठी कानाला अजून जाणवतो. भरवसा कोणावर तरी ठेवतात. मागितलेलं मिळत नाही, किती थांबायचं तेही कळत नाही, तेव्हा वस्तूची आशा पातळ होत जाते आणि उरतो तो ज्याच्याकडे मागितलं तो. प्रार्थनेतली ही ओळ नेमकी त्या अवस्थेची आहे.

बायबलातलं तेरावं स्तोत्र वाचून पाहावं. ते रचणारा दावीद राजा 'कुठवर?' असं देवाला एकामागून एक चारदा विचारतो: कुठवर विसरशील, कुठवर तोंड लपवशील? स्तोत्रात देवाचं उत्तर कुठेच येत नाही. तरीही दावीद म्हणतो, मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. परिस्थिती बदलल्याचा एक शब्दही मध्ये नाही. मला हे स्तोत्र फार मोलाचं वाटतं, कारण त्यात तक्रार आणि भरवसा दोन्ही एकाच तोंडून येतात आणि एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही. येशूच्या क्रूसावरच्या 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' या आक्रोशातही 'माझ्या' सुटलेलं नाही.

इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभी मराठी बायबलने विश्वास, आशा आणि भरवसा हे तिन्ही शब्द एकाच वाक्यात आणले आहेत: आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा म्हणजे विश्वास. तेव्हा ताईंच्या मैत्रिणीला 'भरवसा' परका वाटणार नाही.

फक्त विभक्ती जपून वापरावी. 'देवाच्या भरवशावर' लिहिलं तर मराठीत ते 'रामभरोसे'च्या वळणावर जातं, कोणी लक्ष देत नाही असा वास येतो. 'देवावर भरवसा ठेवून वाट पाहीन' असं लिहावं. आणि 'देव गप्प असला तरी' यातलं 'गप्प' तसंच राहू द्यावं, 'मौन' करू नये. दुखऱ्या माणसाच्या तोंडी तोच शब्द येतो.