तिकालला पहिल्यांदा जाताय?

ग्वाटेमालात तिकालसाठी, म्हणजे रानातल्या प्राचीन माया शहराच्या अवशेषांसाठी, एकच दिवस काढणार असाल, तर मुक्काम फ्लोरेस गावात न करता तिकालच्या राष्ट्रीय उद्यानाच्या आतच करा. फ्लोरेस तिथून सुमारे 65 किलोमीटर आहे, पहाटेच्या गाडीपायी अख्खी रात्र जाते. आतली हॉटेलं महाग पडतात, पण पैसे वसूल होतात.

इथली मोठी मंदिरं क्रमांकांनी ओळखली जातात; फाटक उघडताच थेट चौथ्या मंदिराकडे निघा. उंची जवळपास 65 मीटर, चढायला बाजूने लाकडी जिना आहे. वरून दिसतं नुसतं रान आणि त्यातून डोकं काढलेले इतर मंदिरांचे कळस. झाडीतून गुरगुरण्याचा आवाज आला तर दचकू नका, ती पाला खाणारी हाउलर माकडं.

मग मुख्य चौक. पहिल्या मंदिराखाली हसाव चान काविल या राजाचं दफन सापडलं. त्यावर चढायला मनाई आहे, ती मनापासून पाळा. समोरचे कोरीव उभे दगड तिरप्या उन्हातच बघा. ऊन डोक्यावर आलं की नक्षी पुसल्यासारखी होते.

मला सगळ्यात भावतं ते इथलं पाण्याचं नियोजन. जवळ नदी नाही, म्हणून चुन्याचा गिलावा दिलेल्या उतरत्या चौकांवरून पावसाचं पाणी तलावांत वळवलं होतं. गाइडला हे तलाव दाखवायला आवर्जून सांगा, नाहीतर तो मंदिरांवरच थांबेल.

पावसानंतर शेवाळलेल्या चुनखडीवर पाय हमखास घसरतो. पकड असलेले बूट, डासांचं मलम आणि भरपूर पाणी जवळ ठेवा.