लायसन्सचं पत्र, फुकटचं दूरदर्शन आणि विजेचं बिल

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षं झाली इंग्लंडात स्विंडनला आहे, पोर्तुगीज पासपोर्टवर गेला, वेअरहाऊसमध्ये कामाला आहे. चौघं मिळून एका घरात राहतात. त्यांच्या दारात टीव्ही लायसन्स भरा म्हणून पत्र आलंय. घरात टीव्हीच नाही, सगळे मोबाईलवर बघतात. तो म्हणतो, आई, वर्षाला आपले वीस हजार रुपये आणि ते पण बीबीसीसाठी, जी मी कधी लावत पण नाही. भरायचे की पत्र फाडून टाकायचं? आणि आपलं दूरदर्शन फुकट चालतं तर त्यांचं का चालत नाही?
— एक आई, डिचोली

उत्तर : ताई, पत्र फाडू नका म्हणावं आधी. घाबरायचं पण कारण नाही, पत्र आलं म्हणजे गुन्हा केला असं नसतं, ज्या पत्त्यावर लायसन्स नाही तिथं ती येतातच.

आता नियम काय तो बघा. तिथं लायसन्स टीव्हीच्या डब्याला नसतं, बघण्याला असतं. कुठलाही चॅनल लाइव्ह बघितला, म्हणजे तिकडे चालू आहे त्याच वेळी बघितला, मग तो मोबाईलवर असो की लॅपटॉपवर, तर लायसन्स पाहिजे. बीबीसीचं आयप्लेयर ॲप वापरलं तरी पाहिजे. नुसतं नेटफ्लिक्सवर सिनेमे किंवा यूट्यूबवर लोकांनी टाकलेले व्हिडिओ बघत असतील तर नको, मग तसं ऑनलाइन कळवायचं आणि गप्प बसायचं. आता गंमत बघा, या चौघांपैकी कुणी बॉक्स लावून आपल्या मराठी सिरियली लाइव्ह बघत असेल तरी लायसन्स लागतंच! मराठी चॅनलला त्यातला एक पैसा जात नाही, तरी लागतं.

दुसरं म्हणजे भाड्याचं ॲग्रीमेंट काढून बघायला सांगा. चौघांचं मिळून एकच असेल तर एका लायसन्सवर अख्खं घर भागतं, चौघांनी वाटून घ्यायचे. प्रत्येक खोलीचं वेगळं ॲग्रीमेंट असेल तर मात्र जो लाइव्ह बघतो त्याचं त्यानं घ्यायचं. २०२५ च्या एप्रिलमध्ये रक्कम १७४.५० पाउंड झाली होती, हप्त्यानं भरता येते. न भरता बघत राहिले तर तो फौजदारी गुन्हा आहे, हजार पाउंडापर्यंत दंड होऊ शकतो. आणि या खटल्यांत शिक्षा होते त्यात बायकांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे, त्याचं एक कारण असं सांगतात की दिवसा दार उघडायला घरात बाईच असते. हे वाचून मला आपल्याकडची वीजमीटर बघायला येणारी माणसं आठवली, असो.

तुमचा खरा प्रश्न पुढचा आहे. आपलं फुकट कसं?

फुकट नाही हो ताई. आपल्याला पावती मिळत नाही एवढंच. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या माणसांचे पगार केंद्र सरकारच्या तिजोरीतून होतात, आणि ती तिजोरी भरते तुमच्या आमच्या टॅक्सवर, तुम्ही म्हापशाच्या बाजारात साबण घेतला तरी त्यात जीएसटी असतोच. वरचा चालवायचा खर्च ते जाहिरातीतून आणि फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची बिनभाड्याची डिश, तिच्यावरच्या जागा खाजगी चॅनलना लिलावात विकून काढतात. म्हणजे सरकारी डिशवर जागा मिळावी म्हणून खाजगीवाले पैसे मोजतात आणि त्यातून सरकारी चॅनल चालतो, असा उलटा कारभार आहे.

आणि आपल्याकडे लायसन्स नव्हतं असं पण नाही. १९२७ मध्ये मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी सुरू झाली ती लायसन्सच्याच भरवशावर, वर्षाला दहा रुपये. दहा रुपये तेव्हा म्हणजे काय! लोकांनी चोरून ऐकलं, लायसन्सं काही हजारांच्या पुढं गेलीच नाहीत आणि १९३० साली कंपनीनं दिवा विझवला. मग १९३३ मध्ये कायदाच केला की बिगर लायसन्सचा रेडिओ घरात ठेवणं हाच गुन्हा. आपण गोंयकार त्यात आलो मुक्तीनंतर. माझ्या लहानपणी सांगेला आमच्या घरी रेडिओची वही होती, पोस्टात जाऊन १५ रुपये भरायचे आणि त्यात तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. इन्स्पेक्टर गावात शिरला अशी नुसती आवई उठली तरी अर्ध्या वाड्याचे रेडिओ भाताच्या कणगीत जायचे, आमच्या शेजारच्या काकांचा एकदा चालूच राहिला आणि कणगीतून नाट्यगीत ऐकू यायला लागलं. १९८४ च्या सुमारास ती भानगड संपली.

मग आता परत अशी सक्तीची फी आणावी का? खरं सांगायचं तर माझं मत दोनदा बदललंय. आधी वाटायचं आणावी, कारण बीबीसी बघा आणि आपलं बघा. लोकांनी थेट पैसे दिले की सरकारचा हात दूर राहतो, हा तो मुद्दा. पण मग बीबीसीचंच नीट बघितलं. पैसे लोक देतात हे खरं, पण किती द्यायचे ते सरकार ठरवतं. २०२२ च्या जानेवारीत तिथल्या सरकारनं सांगितलं की दोन वर्षं १५९ पाउंडच, वर एक पेनी नाही, आणि महागाई तेव्हा कुठं चालली होती ते तुमच्या मुलाला विचारा. म्हणजे तोटी लोकांच्या घरात आणि व्हॉल्व्ह मंत्र्याच्या हातात.

जर्मनीचं मला जास्त पटतं. तिथं घरटी महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो नसो. पण रक्कम किती लागेल ते एक स्वतंत्र आयोग हिशेब तपासून सांगतो. २०२० मध्ये एका राज्यानं ८६ सेंटची वाढ अडवून धरली, तर पुढच्या वर्षी तिथल्या घटना न्यायालयानं सांगितलं की असं अडवता येणार नाही. ८६ सेंटसाठी घटना न्यायालय! आपल्याला हसू येतं, पण त्यांनी हे हिटलरच्या काळातून शिकून घेतलंय, रेडिओ सरकारच्या हातात गेला की काय होतं ते त्यांनी बघितलंय.

आपण पण बघितलंय की. १९४६ पासून इथं एमिसोरा द गोवा होतं, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राज्यातलं रेडिओ स्टेशन, सेन्सॉरखाली. ते ऐकून गोव्यात काय चाललंय ते कळलं नसतं. ते कळायला स्वातंत्र्यसैनिक वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो १९५५ च्या नोव्हेंबरपासून सरहद्दीपलीकडच्या जंगलातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ चालवत होते, मुक्तीच्या दिवसापर्यंत. तेव्हा सरकारी आवाज आणि लोकांचा आवाज यातला फरक आपल्या आजीआजोबांना वेगळा शिकवावा लागला नाही.

तर आज माझं मत असं की फी असायला हरकत नाही, पण रक्कम ठरवायचं काम मंत्रालयाच्या बाहेर जाईपर्यंत नको. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, तो अमलात यायलाच १९९७ उजाडलं, आणि पैशाची दोरी अजून दिल्लीतच आहे. त्यावर आणखी एक फी लावली तर आपण तेच पैसे दोनदा देणार.

आणि फी आणलीच तर घरटी सारखी नको. स्विंडनच्या गोदामातला पोरगा आणि लंडनचा बँकवाला दोघं सारखेच पाउंड देतात हे मला काही पटत नाही. फिनलंडनं २०१३ पासून मिळकतीप्रमाणे कर केलाय. पोर्तुगालमध्ये विजेच्या बिलातून घेतात, महिन्याला तीन युरोच्या आसपास, आणि वर्षाला ४०० युनिटपेक्षा कमी वीज जाळणाऱ्याला माफ. आपल्या गोव्यात ही सवलत फार लागेल, प्रत्येक वाड्यावर दोन तीन घरं कुलुपात आहेत, मालक लिस्बनला नाहीतर तुमच्या मुलाच्या शेजारी, वर्षातून चतुर्थीला नाहीतर नाताळाला दिवा लागतो.

प्रश्न : मी डीडी बघत नाही, आकाशवाणी ऐकत नाही. माझ्या टॅक्समधून त्यांना का द्यायचं? ज्याला बघायचं त्यानं सबस्क्रिप्शन घ्यावं.
— बीकॉमचा विद्यार्थी, म्हापसा

उत्तर : २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा तू शाळेत असशील. आमच्याकडे लाइट गेली ती किती दिवस, मोबाईल मेलेले, टॉवर मेलेले. वाड्यावर एका आजोबांचा बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर तेवढा बोलत होता आणि सगळे त्यांच्या सोप्यावर जमलेले. त्या दिवशी सबस्क्रिप्शन कुणी घ्यायचं आणि कशावरून? बरं, भारताची क्रिकेट मॅच फ्री डिशवर दिसते ना, ती २००७ च्या कायद्यामुळे, खाजगीवाल्यांना तो सिग्नल प्रसार भारतीला द्यावाच लागतो. तू बघत असशील हॉटस्टारवर, तुझ्या आजोळी विचार.

पण तुझं एक बरोबर आहे. लोकांना विचारून तर बघा. स्वित्झर्लंडमध्ये २०१८ साली फी रद्द करायची का म्हणून मतदानच घेतलं, ७१ टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले राहू दे. सरकारनं मग ती ३६५ फ्रँकवरून ३३५ वर आणली. फ्रान्सनं उलट केलं, २०२२ मध्ये १३८ युरोची फी काढून टाकली आणि खर्च टॅक्सवर टाकला. आपल्याकडे असं मतदान झालं तर काय होईल? मला वाटतं आपण फी पाडू आणि दुसऱ्या दिवशी आकाशवाणीवर आपल्या गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग का लावत नाही म्हणून पत्र टाकू.

प्रश्न : वडिलांच्या ट्रंकेत रेडिओ लायसन्सची वही मिळाली. शेवटचा शिक्का १९८१ चा, पुढं भरलेलंच दिसत नाही. आता काही दंड वगैरे?
— निवृत्त मास्तर, फोंडा

उत्तर : मास्तर, काही नाही, निर्धास्त रहा. वही मात्र रद्दीत देऊ नका, पावसात वाळवी लागते, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. आणि शिक्क्यावर पोस्टाचं नाव नीट दिसत असेल तर एक फोटो आम्हाला पाठवा.