वाचकांचे प्रश्न: भाड्याच्या गाडीत बाटली उघडली तर चालतं का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो. जूनमध्ये पुतण्याचं लग्न आहे, इंडियाहून बरेच पाहुणे येतायत, त्यांना एका संध्याकाळी मॅनहॅटन दाखवायला ड्रायव्हरसकट बस करायची ठरलंय. मुलं म्हणतात बसमध्ये बिअर-वाइन ठेवू, आणि व्याही म्हणतात की अमेरिकेत गाडीत बाटली उघडली की पोलीस धरतात, लग्नाच्या तोंडावर नको ती भानगड. नक्की काय ते सांगा. आणि कोणी उबरने परत आलं तर उरलेली बाटली सोबत आणता येते का?

उत्तर: दादा, व्याही म्हणतायत ते घरच्या गाडीसाठी अगदी खरं आहे. तिथे ड्रायव्हर सोडाच, मागे बसलेल्या काकांच्या हातातही उघडा कॅन चालत नाही. न्यू जर्सीत पहिल्यांदा सापडलात तर २०० डॉलर दंड. पण तुमची बस भाड्याची आहे आणि तिचा नियम वेगळा आहे.

१९९८ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना सांगितलं की गाडीत उघडी दारू ठेवायला आणि प्यायला बंदी करा, सगळ्या प्रवाशांना लागू करा, नाहीतर रस्त्यांसाठी मिळणाऱ्या पैशातला काही भाग तुम्हाला दुसरीकडे, सुरक्षेच्या कामाकडे वळवावा लागेल. म्हणून बहुतेक राज्यांचे कायदे एकमेकांसारखे दिसतात (मिसिसिपीत मात्र अजून राज्यभराचा असा कायदा नाहीये). त्याच केंद्राच्या कायद्यात एक सूट आहे, जी गाडी मुख्यतः पैसे घेऊन माणसं नेण्यासाठीच आहे तिच्यातल्या प्रवाशांना राज्याने मोकळीक दिली तरी चालते. किती द्यायची, कुठल्या गाडीला द्यायची, हे राज्य ठरवतं आणि गोंधळ सगळा तिथेच होतो.

न्यू जर्सीने ही सूट चार्टर बसला (म्हणजे ड्रायव्हरसकट अख्खी भाड्याने केलेली बस) आणि लिमोझिन सर्व्हिसला दिली आहे. नदी ओलांडून न्यूयॉर्कमध्ये गेलात की तिथला कायदा गाडीचं परमिट बघतो, राज्याच्या किंवा केंद्राच्या वाहतूक खात्याचं परमिट असलेल्या गाडीतले प्रवासी पिऊ शकतात. म्हणजे रीतसर परवान्याची चार्टर बस असेल तर दोन्ही बाजूंना तुम्ही नियमात आहात. मॅनहॅटनमधल्या पिवळ्या टॅक्सीला हेच लागू आहे असं मात्र समजू नका, तिचं लायसन्स शहराच्या टॅक्सी कमिशनचं असतं, वाहतूक खात्याचं नाही.

आता माझं कळकळीचं सांगणं, पाहुणे किती आणि बर्फ किती हे मोजायच्या आधी कंपनीचा परवाना बघा. राज्याची हद्द ओलांडणाऱ्या बसच्या अंगावर यूएसडॉट नंबर, म्हणजे केंद्राच्या वाहतूक खात्याकडचा कंपनीचा नोंदणी नंबर, लिहिलेला असतो. बुकिंगच्या वेळी तो मागून घ्या आणि केंद्राच्या मोटर कॅरियर खात्याच्या (एफएमसीएसए, बस-ट्रक कंपन्यांवर लक्ष ठेवणारं खातं) साइटवर टाका, कंपनीचं नाव, प्रवासी नेण्याची परवानगी चालू आहे की नाही, तपासणीत गाड्या बाद झाल्यात का, सगळं फुकट दिसतं. नंबर द्यायला कोणी टाळाटाळ केली तर ती बस करू नका, कितीही स्वस्त असली तरी. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्कोहारीला काय झालं ते आठवा. वाढदिवसाला निघालेल्या तरुण मंडळींनी, पिऊन कोणी गाडी चालवायला नको म्हणून मुद्दाम लिमो केली होती, म्हणजे शहाण्यासारखंच वागले होते ते. ती लांबवलेली जुनी फोर्ड एक्स्कर्शन महिनाभर आधीच तपासणीत बाद झाली होती, ड्रायव्हरकडे तसली गाडी चालवायचं योग्य लायसन्स नव्हतं, उतारावर ब्रेक गेले आणि गाडीतले सगळे १८ आणि रस्त्याकडेचे दोन असे २० जण गेले. त्या मंडळींची काहीही चूक नव्हती. बुकिंग करताना गाडीचे कागद मागायचे असतात हे आपल्या घरांमध्ये कोणी बोलतच नाही, आणि ते बोललं पाहिजे म्हणून एवढं लिहिलं.

बाकीचं पटकन सांगते. ड्रायव्हरला ड्युटीच्या आधीचे चार तास आणि ड्युटीवर असताना एक घोटही चालत नाही, त्यामुळे प्रेमाने का होईना, "घ्या हो थोडी" असा आग्रह कोणी करू नका. २१ च्या आतल्या भाचरांना बसमध्येही बंदीच आहे, काका-मामांनी दिली म्हणून ती कायदेशीर होत नाही. कंपनीचे स्वतःचे नियम असतात, काच नको, रेड वाइन नको, सांडलं तर सफाईचे पैसे, ते कॉन्ट्रॅक्टमध्ये वाचून घ्या. आणि फोटो काढायला टाइम्स स्क्वेअरला उतराल तेव्हा ग्लास सीटवरच ठेवून उतरा, कारण सूट बसच्या आत आहे, फुटपाथवर पिणं न्यूयॉर्क शहरात बंदच आहे. पाहुण्यांना हे आधी सांगून ठेवा, त्यांना कसं माहीत असणार!

उबरमध्ये उघडी बाटली उबरच्या स्वतःच्या नियमानेच चालत नाही. सीलबंद असेल तर हरकत नाही, अर्धी असेल तर तिथेच सोडून या.

प्रश्न: ताई, आम्ही आठ मैत्रिणी कॅलिफोर्नियात नापाला, वायनरी (वाइन बनवणारे मळे) बघायला जातोय. मोठी व्हॅन रेंट केली आहे, आमच्यातली एक जण अजिबात पीत नाही, ती चालवणार. गाडी भाड्याचीच आहे तर मागे बसून वाइन घ्यायला काय हरकत? आणि वायनरीने बूच परत लावून दिलेली बाटली उघडी समजतात का?

उत्तर: नाही हो, इथे चुकतंय. गाडी भाड्याने घेणं आणि गाडी-ड्रायव्हर दोन्ही भाड्याने करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही चावी घेऊन स्वतः चालवताय म्हणजे कायद्याला ती खाजगी गाडी. कॅलिफोर्नियाची सूट लायसन्सवाल्या बस, टॅक्सी आणि लिमोझिनमधल्या प्रवाशांना आहे, शिवाय कॅम्परच्या राहायच्या भागाला. मैत्रीण चहासुद्धा न पिणारी असली तरी तुमच्या हातातला ग्लास चालणार नाही.

बूच लावलेल्या बाटलीचं म्हणाल तर सील एकदा तुटलं किंवा त्यातली थोडी जरी संपली की ती उघडीच. वायनरीतून घरी न्यायला परवानगी आहे, पण ती डिकीत जायला हवी. व्हॅनला वेगळी डिकी नसते, तेव्हा शेवटच्या सीटच्या मागे सामानाच्या जागेत, शक्यतो कुलूप लागणाऱ्या पेटीत ठेवा. आणि एक बारीक गोष्ट ज्यात खूप जण अडकतात: ग्लव्ह कंपार्टमेंट, म्हणजे पुढच्या सीटसमोरचा डॅशबोर्डातला छोटा कप्पा. केंद्राच्या कायद्यात कुलूपबंद ग्लव्ह कंपार्टमेंट चालतं म्हणून लोक बिनधास्त ठेवतात, पण कॅलिफोर्नियाचा कायदा तो कप्पा प्रवाशांच्या बसायच्या जागेतच धरतो, कुलूप असलं तरी.

खरंच निवांत प्यायची असेल तर ड्रायव्हरवाली गाडी करा, आठ जणींत वाटून फार पडत नाही, आणि न पिणाऱ्या मैत्रिणीलाही एक दिवस खिडकीतून द्राक्षमळे बघू द्या की. तिथल्या टूरच्या गाड्यांवर टीसीपी आणि पुढे आकडा असतो, तो राज्याच्या पब्लिक युटिलिटीज कमिशनचा परवाना, त्यांच्या साइटवर तपासता येतो. कोणाची मुलगी २१ च्या आतली बरोबर येणार असेल तर बुकिंग करतानाच सांगा, कारण २०१३ पासून अशा ग्रुपमध्ये दारू असेल तर किमान २५ वर्षांचं जबाबदार माणूस सोबत लागतं.

प्रश्न: ताई, मी टेक्ससमध्ये एमएस करतोय. मित्राच्या गाडीत मागच्या सीटवर बिअर घेऊन बसलो होतो, पोलिसांनी मला तिकिट दिलं. मित्र प्यायलेला नव्हता. व्हिसा जाईल का? घरी सांगितलेलं नाही.

उत्तर: अरे, आधी शांत हो. टेक्ससमध्ये हा सगळ्यात खालच्या वर्गाचा गुन्हा आहे, दंड जास्तीत जास्त ५०० डॉलर, आणि पोलिसाने लेखी तिकिट देऊन सोडायचं असतं. दारू पिऊन गाडी चालवणं हे प्रकरण फार वेगळं आणि फार गंभीर, त्यात अटक होते आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. तुझं तसं नाहीये. पण व्हिसाच्या फॉर्मवर कधी अटक किंवा शिक्षा झाली का हा प्रश्न असतो, आणि नुसता दंड भरून टाकणं म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखंच होतं, म्हणून भरायच्या आधी एकदा इमिग्रेशनच्या वकिलाला विचार. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांमध्ये विद्यार्थ्यांना वकिलाचा सल्ला फुकट किंवा कमी पैशात मिळतो, तिथे उद्याच जा.

तिकिटावरची तारीख मात्र काही झालं तरी चुकवू नकोस. लहानशा तिकिटाला हजर राहिला नाहीस तर तो वेगळा गुन्हा होतो, वॉरंट निघतं, आणि मग खरोखर अटक होऊ शकते. केस मिटली की कोर्टाकडून शिक्क्याचा कागद घे, पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेव. आणि घरी सांग रे, आईबाबा आधी ओरडतील, पण वकिलाच्या फीला तेच मदत करतील.