घरी आणलं म्हणजे उपचार सोडले का?

“डॉक्टर म्हणतात, आता घरी न्या. पण घरी नेलं तर लोक म्हणतील, पैसे वाचवायला बापाला आणून टाकला.” कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाचा मुलगा समोर बसला, की थोड्याफार फरकाने हेच बोलतो. मुली हे कमी बोलतात. सुना बोलतच नाहीत, कारण त्यांना कुणी विचारत नाही. म्हणून इथे एका सुनेची हकिकत सांगते. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सातारा जिल्ह्यातलं बागायती गाव. सासरे सत्तरी ओलांडलेले, गाव त्यांना अप्पा म्हणायचं. जन्मभर तंबाखूची चिमूट गालात, आणि कर्करोगही त्याच गालात. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक दिले, वर्षाच्या आत गाठ पुन्हा आली आणि फुटली. आता केमो दिली तर त्रासच वाढेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मुलगा चाकणला कंपनीत, शिफ्टची नोकरी. तो बायकोला घेऊन माझ्याकडे आला आणि पहिला अर्धा तास एकटाच बोलला. लोक काय म्हणतील? मॉर्फिन दिलं तर लवकर जातील का? नळीतून जेवण कमी झालं तर उपाशी मारल्याचं पाप लागेल का?

प्रश्न खरे होते. मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचं औषध. त्याचा डोस वेदनेच्या मापाने हळूहळू वाढवत नेला तर त्याने माणूस लवकर जात नाही. दुखण्यासाठी घेणाऱ्याला त्याचं व्यसनही सहसा लागत नाही. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यायचं. गोळी दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता. जेवणाचं म्हणाल तर शेवटच्या दिवसांत शरीरच अन्न घेईनासं होतं. तेव्हा नळीतून जबरदस्तीने ओतलेलं उलटून छातीत जातं. तोंड आणि ओठ ओले ठेवणं ही त्या दिवसांतली मोठी सेवा असते. हे सगळं मी त्याला सांगितलं, आणि त्याचा चेहरा जरा सैलावला.

मग विचारलं, “रात्री अप्पांजवळ कोण झोपतं?”

“आई आहे ना,” तो म्हणाला.

सून पहिल्यांदाच बोलली. “आत्यांना रात्रीचं दिसत नाही. मीच असते.” थोडं थांबून म्हणाली, “मॅडम, रात्री मामांना काही झालं, रक्त आलं, तर मी कुणाला हाक मारू?”

माझ्या मते घरी की दवाखान्यात, या वादातला खरा प्रश्न हाच असतो. घरी शेवट चांगला होऊ शकतो, हे मी खूपदा पाहिलं आहे. पण एका बाईच्या जिवावर तो होत नाही. तिच्याभोवती माणसं लागतात, आणि ती माणसं ठरवून उभी करावी लागतात.

हे केरळने आपल्या आधी करून दाखवलं आहे. १९९३ साली कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा. पण दवाखान्यापर्यंत न पोचणारे रुग्ण घरोघरी तळमळतच होते. त्यातून २००१च्या सुमारास मलप्पुरम भागात शेजाऱ्यापाजाऱ्यांचं जाळं उभं राहिलं. साधी माणसं थोडं प्रशिक्षण घेऊन आपल्याच वस्तीतल्या आजाऱ्याकडे जायला लागली. पैसा बराचसा छोट्या देणग्यांतून यायचा. डॉक्टर आणि नर्स त्यांच्या पाठीशी असायचे, पण रुग्ण शोधणं, घरची अडचण ओळखणं आणि ती सोडवणं हे काम लोकांचं. २००८ साली राज्य सरकारने धोरण जाहीर केलं आणि पुढे ग्रामपंचायतींनी घरी जाणाऱ्या नर्सची सोय केली.

या कुटुंबाच्या शेजारच्या गावात अशीच एक लहानशी मंडळी होती: निवृत्त गुरुजी, निवृत्त नर्सबाई, आशाताई, बचत गटातल्या काही बायका, मेडिकलवाला आणि गणेश मंडळाची पोरं. आमच्या टीमने त्यांना प्रशिक्षण दिलेलं होतं. मी गुरुजींना फोन केला.

नर्सबाई आधी जखमेकडे वळल्या. तिचा वास इतका होता की माणसं सोप्यावर न टेकता दारातूनच परत जायची. अप्पा लाजेने भिंतीकडे तोंड करून पडायचे. सून सुकलेली पट्टी ओढून काढायची, रक्त यायचं, दोघंही रडकुंडीला यायचे. नर्सबाईंनी उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने पट्टी आधी भिजवायला शिकवलं, ती आपोआप सुटेपर्यंत. मग डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड जखमेवर. काही दिवसांत वास बराच कमी झाला. अप्पांनी तोंड इकडे वळवलं. मग नर्सबाईंनी तिला रक्ताचंही सांगितलं: उशाशी गडद रंगाचे टॉवेल ठेव. पांढऱ्या कापडावर वाटीभर रक्तही घागरभर वाटतं आणि रुग्ण ते बघून घाबरतो. तातडीसाठी डॉक्टरांनी दिलेलं औषध कुठे ठेवायचं, फोन आधी कुणाला करायचा, हेही ठरलं. “असं होऊ शकतं” हे आधीच ऐकून ती भेदरेल, असं नवऱ्याला वाटत होतं. उलट त्या रात्रीपासून तिला झोप लागायला लागली.

वास गेला तशी माणसं यायला लागली आणि सोबत सल्लेही. कुणाला अमुक गावचा वैद्य माहीत, कुणाला झाडपाला. गुरुजी संध्याकाळी सोप्यावर येऊन बसायचे आणि येणाऱ्याला काम द्यायचे. तुम्ही सकाळच्या धारा काढा. तू पोराला शाळेतून आण. तुम्ही बुधवारी साताऱ्याहून गोळ्या आणा. २०१४ साली एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, तरी खेड्यातल्या माणसाला त्यासाठी अजून जिल्ह्याच्या गावीच जावं लागतं, म्हणून ही फेरी मोठी. काम अंगावर घेतलेला माणूस सल्ले द्यायचं आपसूक थांबवतो, हे मी तिथे पाहिलं. भावकीतला चुलत दीर, ज्याच्याशी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून अबोला होता, त्याने एक दिवसाआड रात्रीची जागरणं घेतली. मंडळींचे नियम कडक होते: औषध सुचवायचं नाही, घरातलं बाहेर बोलायचं नाही, फोटो काढायचा नाही.

अप्पांना काही सांगायचं नाही, असा मुलाचा हट्ट होता. त्यांचं बोलणं कळत नसे, म्हणून नातवाची पाटी उशाशी असायची. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी लिहिलं, “किती दिवस?” मुलगा उठून बाहेर निघाला, त्यांनी हाताने थांबवलं. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्यांनी लिहिलं, “थोडे.” मग पाटी पुसून लिहायला लागले: कारखान्याचं ऊसबिल, सोसायटीचं कर्ज, पाण्याची पाळी. मुलगा वहीत उतरवून घेत होता. शेवटी लिहिलं, “दवाखाना नको.” माणूस शुद्धीत असेपर्यंत त्याचा असा नकार पुरेसा असतो. पुढे शुद्ध हरपली तर काय, याची तजवीज हवी असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलेलं आणि २०२३ साली सोपं केलेलं उपचारांबाबतचं इच्छापत्र (लिव्हिंग विल) करता येतं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो. अप्पांनी ते केलं नाही, पण घरातल्या सगळ्यांसमोर पाटीवर लिहिल्यामुळे पुढे कुणाचं दुमत झालं नाही.

ते पहाटे गेले. रात्री घशात घरघर सुरू झाली तेव्हा सुनेने फोन केला. चुलत दीर आणि नर्सबाई आले, अप्पांना कुशीवर वळवलं. डॉक्टरांनी सकाळी येऊन दाखला दिला. घरी मृत्यू झाला तर पोलिसांची भानगड होते, अशी धास्ती खूप जणांना असते. आजाराने आलेल्या नैसर्गिक मृत्यूची नोंद डॉक्टरांच्या दाखल्यासह २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करायची, एवढंच.

दहाव्याला कुणीतरी विचारलंच, “पुण्याला का नाही हलवलं?” मुलगा काही बोलायच्या आत चुलत दीर म्हणाला, “मी होतो की रात्री. शांत गेले.” विषय तिथेच संपला.

तुमच्या गावात अशी मंडळी नसेल तर आशाताईंना गाठा. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या, म्हणजे जवळच्या सरकारी आरोग्य केंद्राच्या, सेवांमध्ये पॅलिएटिव्ह केअर आहे. जिल्हा रुग्णालयात तसा विभाग किंवा खाटा आहेत का, मॉर्फिन मिळतं का, हे त्यांना विचारायला लावा. सगळीकडे मिळेलच असं नाही. पण त्याच दिवशी घरात वही घेऊन बसा आणि रात्रीची जागरणं, पट्टी, औषधाची फेरी, पोरांची शाळा, जनावरं असं एकेक काम लिहून काढा. ही कामं आज कोण करतंय तेही त्याच्यापुढे लिहा. सगळीकडे एकच नाव येत असेल, तर त्या बाईला समोर बसवून विचारा की यातलं कुठलं काम आधी दुसऱ्याकडे द्यायचं. मग शेजाऱ्याच्या दारात जा आणि नेमकं तेच काम मागा.