वाचकांचे प्रश्न : फुटबॉलचे कर्णधार, रणजीचेही कर्णधार

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा पावसाळ्यात फुटबॉल आणि दिवाळीनंतर क्रिकेट खेळतो. दोन्हीकडचे प्रशिक्षक आता एकच खेळ निवडण्याचा आग्रह धरू लागले आहेत. त्याचे आजोबा मात्र चुनी गोस्वामी यांचा दाखला देतात. भारतीय फुटबॉल संघाचा कर्णधार रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यातही कर्णधार होता, हे खरे आहे का? त्यांचे पुढे काय झाले?
– एक पालक, कोथरूड, पुणे

उत्तर : आजोबांचे म्हणणे खरे आहे. सुबिमल ऊर्फ चुनी गोस्वामी यांचा जन्म १९३८ सालचा. क्लब फुटबॉल ते अखेरपर्यंत कोलकात्याच्या मोहन बागानकडूनच खेळले. १९६२च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखालील संघ पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला होता. उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामला नमवल्यावर अंतिम सामन्यात पुन्हा त्याच कोरियाशी गाठ पडली. प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडत असताना, पी. के. बॅनर्जी आणि डोक्याला टाके पडलेले जर्नैल सिंग यांच्या गोलांमुळे भारताने २-१ असे सुवर्णपदक मिळवले. (मुंबईच्या टाटा स्पोर्ट्सचे फॉर्च्युनाटो फ्रँको त्या संघात होते, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.) १९६४च्या आशिया चषकातील उपविजेतेपदानंतर, वयाची तिशीही गाठलेली नसताना, गोस्वामी आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाले.

त्याआधीच, १९६२-६३च्या हंगामात, त्यांनी बंगालकडून रणजी खेळायला सुरुवात केली होती. १९६६च्या डिसेंबरात इंदूरला मध्य व पूर्व विभागाच्या संयुक्त संघाने सोबर्स यांच्या वेस्ट इंडीज संघाला डावाने हरवले, त्या सामन्यात गोस्वामींनी ८ आणि सुब्रत गुहा यांनी ११ बळी घेतले. १९७१-७२ मध्ये कर्णधार म्हणून त्यांनी बंगालला अंतिम फेरीत नेले आणि तिथे मुंबईने त्यांना हरवले. मुंबईच्या सलग पंधरा विजेतेपदांचा तो काळ असल्याने पराभूत कर्णधाराचे नाव मराठी वाचकांच्या लक्षात राहिले नाही, यात नवल नाही. प्रथम श्रेणीच्या ४६ सामन्यांत १५९२ धावा आणि ४७ बळी, ही कामगिरी हौसेपुरती खेळणाऱ्याची नव्हे.

मात्र हा दाखला आजच्या मुलाला जसाच्या तसा लावता येत नाही, असे आमचे मत आहे. कोलकात्याची फुटबॉल लीग पावसाळ्यात आणि रणजी हिवाळ्यात होत असल्यामुळे एकाच खेळाडूला दोन्ही हंगाम पुरे पडत. शिवाय फुटबॉल त्या वेळी व्यावसायिक नव्हता. गोस्वामी स्टेट बँकेत नोकरीला होते आणि त्यांचा चरितार्थ कोणत्याही एका क्लबच्या करारावर अवलंबून नव्हता. आता परिस्थिती बदलली आहे. बालेवाडीला इंडियन सुपर लीग (आयएसएल) या व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेचे सामने ज्यांनी पाहिले, त्यांना आठवत असेल की ते ऐन थंडीत, म्हणजे रणजीच्याच दिवसांत होत असत.

निवृत्तीनंतर गोस्वामी जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीचे संचालक झाले, १९८३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २००५ मध्ये ते कोलकात्याचे शेरीफ (शहरातील एक मानाचे पद) झाले. जानेवारी २०२० मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. त्याच वर्षी २० मार्चला पी. के. बॅनर्जी गेले आणि ३० एप्रिलला, टाळेबंदी चालू असताना, गोस्वामींचेही निधन झाले.

आपल्या मुलाचे दोन्ही हंगाम अजून वेगळे आहेत, असे आपल्याच पत्रावरून दिसते. तेव्हा निवडीची घाई करण्याऐवजी दोन्ही प्रशिक्षकांकडून वर्षभराच्या स्पर्धांच्या आणि निवड चाचण्यांच्या तारखा लेखी मागून घ्याव्यात. त्या एकमेकींवर येऊ लागतील, त्या वर्षी निर्णय करावा, आणि तो मुलाला विचारून करावा.